डबा घेऊ की लॅपटॉप?

सिल्वासाला माझं दुकान होतं तोवर आठवड्यातून एकदा तरी कोणी ना कोणी काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून विचारायचं, “काका, घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करायचंय. डबा घेऊ की लॅपटॉप?” मी अर्धा तास घसा फोडून समजावून सांगायचो. मग ते “बरं, घरी विचारतो” म्हणून जायचे आणि मी सांगितलं त्याच्या बरोबर उलटी वस्तू ऑनलाइन मागवायचे. ती चालेनाशी झाली की पिशवीत घालून पुन्हा माझ्याच काउंटरवर! दुकान बंद केलं, पण प्रश्न काही बंद झाला नाही. परवा बाजारात दुधी निवडत होतो, तर मागून एकाने खांद्यावर हात ठेवला. “काका, बरं झालं भेटलात. डबा घेऊ की...” मी दुधी भाजीवालीला परत दिला आणि घरी निघून आलो.

तेव्हा या अंकाच्या संपादकबाईंनी “धंद्यातलं काही लिहा” म्हटल्यावर मी लगेच हो म्हणालो ते याचसाठी. आता विचारणाऱ्याच्या हातात अंक ठेवायचा आणि चालू लागायचं.

वडील इथे प्रशासनात कारकून म्हणून वसईहून आले. मी अँप्लिफायर दुरुस्तीपासून सुरुवात केली, मग माइक, मिक्सर, स्पीकर विकायला लागलो आणि शेवटी रेकॉर्डिंगच्या सामानात शिरलो. घरात मराठी, दुकानात गुजराती, कारखान्यातल्या गिऱ्हाइकांशी हिंदी असा माझा दिवस जायचा. राग मात्र मला मराठीतच येतो.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी आधी सांगतो. डबा म्हणजे स्वतंत्र रेकॉर्डर. मागे माइक खुपसायच्या जागा, वर प्रत्येक माइकला एक सरकपट्टी, आणि एक लाल बटण. प्रत्येक माइकचा आवाज आत आपापल्या खोलीत जाऊन बसतो, त्या खोलीला ट्रॅक म्हणतात. गायकाचा एक ट्रॅक, पेटीचा एक, तबल्याचा एक. लाल बटण दाबलं की काम सुरू. लॅपटॉपला तसं नाही. त्याला इंटरफेस नावाची एक डबी वेगळी घ्या, तिच्यात माइक जोडा, सॉफ्टवेअर टाका, मग ते सॉफ्टवेअर म्हणणार डबी दिसत नाही, डबी म्हणणार लॅपटॉप दिसत नाही. दोघांची ओळख करून देईपर्यंत गाणारा माणूस जेवायला गेलेला असतो. वरून पंख्याची घरघर. आणि चाळीतल्या वायरिंगला अर्थिंग नसलं की चार्जर लावल्याबरोबर सगळ्या गाण्याच्या पाठीमागे भुंगा.

लॅपटॉपचे गुण मी नाकारत नाही. त्यात चूक पुसता येते, सूर थोडा वर-खाली करता येतो, दहा वेळा गाऊन त्यातलं बरं ते ठेवता येतं. पण तिथेच तर सगळा घोळ आहे ना!

आमचे सावंत सर घ्या. इथल्या शाळेत विज्ञान शिकवायचे, मूळचे मालवणचे, नाट्यसंगीताचा नाद. मी जीव तोडून सांगितलं, “सर, तुमच्यासाठी डबा. गा आणि विसरा.” त्यांनी लॅपटॉप घेतला. वर्षभराने मी विचारलं, किती पदं झाली? म्हणाले, “एक चालू आहे.” घरी जाऊन बघतो तर एकाच आलापाच्या साठाच्या वर फाइली. प्रत्येकीला नाव, ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘हाच घ्यावा’, ‘हाच घ्यावा २’. मी म्हटलं, “अहो, बैठकीत गाताना काय करता? तिथे तर पुसता येत नाही.” तर म्हणाले, “तिथे समोर माणसं असतात हो. इथे मीच समोर असतो.” सर निवृत्त होऊन गावी गेले. तो आलाप अजून चालू आहे म्हणतात.

इथल्याच दुधनीकडचे एक तारपा वाजवणारे गृहस्थ होते. तारपा ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, भोपळ्याचं वाद्य, वाजवणारा नाकाने श्वास घेत घेत तोंडाने फुंकतच राहतो, म्हणून सूर तुटत नाही. कोणा एका हौशी माणसाने त्यांचं वादन लॅपटॉपवर घेतलं आणि आवाज स्वच्छ करायचा पर्याय दाबला. आता त्या यंत्राला एवढंच कळतं की जो आवाज सतत चालू आहे तो पंखा. त्याने सगळा तारपा साफ करून टाकला. उरलं काय, तर नाचणाऱ्यांच्या पायांची धपधप आणि मधूनच कोंबडा. ते गृहस्थ माझ्या काउंटरशी उभं राहून शांतपणे म्हणाले, “शेठ, कोंबडा आला चांगला.” मला हसावं की त्या हौशी माणसाला शोधून काढावं, कळेना.

तर असा मी डब्याच्या बाजूचा माणूस. आणि माझी बाजू किती खरी हे दाखवून द्यायच्या नादात मी जे केलं ते आता सांगतो. हे सांगायला मला जड जातंय, पण आता लिहायला बसलोय तर लिहितो.

खडोलीला कारखान्यांच्या मागे चाळी आहेत. तिथे धुळे, साक्री, नंदुरबारकडून आलेले कामगार राहतात. त्यांचं एक भजनी मंडळ आहे. सुट्टीच्या दिवशी चाळीपुढच्या मारुतीच्या ओट्यावर बसतात. पुढे गाणारे लोटन आबा. साक्रीकडचे, धाग्याच्या कारखान्यात उभी हयात गेली. आवाज असा की मशीनच्या आवाजावर चढवून चढवून तयार झालेला. आबा एक ओळ म्हणतात, मागचे सगळे तीच ओळ उचलतात. त्याला झील धरणं म्हणतात. झील मनासारखी आली नाही तर आबा पुढच्या ओळीला जातच नाहीत. तीच ओळ पुन्हा. पुन्हा. चांगली म्हणेपर्यंत सुटका नाही.

त्या मंडळातला दिनेश एक दिवस दुकानात आला. तिशीतला माणूस, मशीन ऑपरेटर, बायको-मुलं गावी. आल्या आल्या सांगायला लागला.

“काका, आबांचा घसा तपासला. आवाजाची पेटीच काढायची म्हणतात. जीव वाचेल, पण बोलता येणार नाही.”

“कधी?”

“बावीस दिवस आहेत. त्याच्याआधी त्यांचं गाणं धरून ठेवायचंय. मी लॅपटॉप घेतलाय हप्त्यावर. त्याची डबी तेवढी तुमच्याकडून...”

“डबीला माइक किती लागतात?”

“दोन.”

“आणि तुमची माणसं किती?”

“चौदा.”

माझं डोकंच सणकलं. मी म्हटलं, “अरे, चौदा माणसांना दोन माइक? पंगत बसवणार आहेस का एकेकाची?” तो म्हणाला, तसंच करणार. आधी आबांना एकट्याला घ्यायचं, मग मृदंग, मग टाळ, मग झील, आणि सगळं नंतर एकावर एक बसवायचं. मोबाइलवर बघून शिकला होता. मी म्हटलं, हे भजन आहे की वीटकाम? माझ्याकडे आठ माइकांचा डबा आहे, फुकट घेऊन येतो, ओट्यावर सगळे एकदम बसा. त्याला ते पटेना. कारखान्यांची घरघर येईल, टाळ आबांच्या माइकात शिरतील, आवाज स्वच्छ मिळणार नाही. हे सगळं खरंच होतं. पण त्याने मला शिकवावं याचा मला राग आला.

आम्ही भांडलो. दुकानात भांडलो, फोनवर भांडलो, मंडळापुढे भांडलो. मंडळात दोन तट पडले. अर्धे म्हणायचे काकांना अनुभव आहे, अर्धे म्हणायचे दिनेशला नवीन माहिती आहे. आबा मधे बसून एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघायचे. बावीसातले दहा दिवस आम्ही यात घालवले. दहा दिवस! त्या दहा दिवसांत रोज एक भजन झालं असतं. आज आठवलं तरी स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

शेवटी दिनेशने मला न विचारता त्याच्या खोलीत आबांना बसवलं. खिडकीला गोधड्या लावल्या, पंखा बंद केला, आबांच्या कानावर हेडफोन चढवले. त्या सॉफ्टवेअरमध्ये लय राहावी म्हणून कानात टिकटिक वाजते. भजन सुरू होतं गोगलगाईच्या चालीने आणि संपतं धावत. टिकटिक आपली एकाच चालीने. आबांनी दोन मिनिटांत हेडफोन काढून ठेवले. “हे कोन टकटक करून ऱ्हायलं कानात? त्याला बाहेर काढ आधी.” मग टिकटिकीशिवायच घेतलं.

दिनेश ते रेकॉर्डिंग घेऊन दुकानात आला. मी ऐकायला बसलो. आबांनी ओळ म्हटली आणि गप्प. पूर्ण गप्प. गुडघ्यावर बोटांचा बारीक आवाज तेवढा. बऱ्याच वेळाने पुढची ओळ. पुन्हा गप्प. समोर कोणी नव्हतं तरी ते झिलीसाठी थांबत होते. आयुष्यभर मागच्यांचं झाल्याशिवाय पुढे गेले नाहीत, ते एकटे बसले म्हणून कसे जातील?

मी काय म्हणावं? मी म्हटलं, “हे काय गाणं आहे? अर्धं गाणं, अर्धा मुका बाजार. पुसून टाक.” दिनेशचं तोंड एवढंसं झालं. “हो काका” म्हणून लॅपटॉप मिटून गेला.

आबांचं ऑपरेशन तीन दिवसांवर आलं तेव्हा माझा डबा खडोलीच्या ओट्यावर लागला. आठ माइक, आबांचा एक नंबरला, मृदंगाचा चार नंबरला. सगळे धुतलेले कपडे घालून बसलेले. दिनेशही आला, टाळ घेऊन मागे बसला. मी लाल बटण दाबलं. पहिलं भजन आबांनी असं म्हटलं की माइकची पातळी बघायची सोडून मी त्यांच्याकडेच बघत राहिलो. दुसरं सुरू केलं आणि तिसऱ्याच ओळीला आवाज चिरकला. पाणी प्यायले, पुन्हा प्रयत्न केला, हात जोडले. “झालं भाऊ. आता नाही निघत.” म्हणजे एकच भजन हाती लागलं. पण पूर्ण लागलं. मी दिनेशकडे बघून जे हसलो ते हसायला नको होतं.

घरी येऊन ऐकलं तर मृदंगाचा आवाज फुटलेला. पातळी बघायची सोडली होती ना, तिथेच. हरकत नव्हती. मृदंग वेगळ्या खोलीत आहे, तेवढाच पुन्हा वाजवून घ्यायचा. मृदंगवाल्याला कारखान्याच्या पाळीतून सवड मिळायला तीन दिवस गेले. तो ओट्यावर आला, लयीसाठी नुसते टाळ आणि झील कानात ऐकत त्याने वाजवलं. थोडं हुकलं म्हणून दुसऱ्यांदा वाजवलं. छान वाजवलं. मी म्हटलं, आता सगळं एकत्र ऐकू.

मृदंग आला. टाळ आले. झील आली. आबा आले नाहीत.

डब्यावर प्रत्येक ट्रॅकला एक छोटा लाल दिवा असतो. तो पेटलेला असेल तर लाल बटण दाबल्यावर त्या ट्रॅकवर नवीन आवाज बसतो आणि जुना जातो. सगळे दिवे विझवून फक्त चारचा ठेवायचा होता. एकचा विझवायचा राहिला होता. आबांच्या जागी मोकळ्या माइकाने घेतलेला रिकामा ओटा होता, त्यात कोणीतरी दूर स्कूटरला किक मारत होतं. डब्यात एक पाऊल मागे जायची सोय असते. एकच पाऊल. आणि आम्ही दोनदा वाजवून घेतलं होतं. कॉपी काढून ठेवा, कॉपी काढून ठेवा, म्हणून मी अख्ख्या सिल्वासाला ओरडून सांगत आलो आणि स्वतः तीन दिवसांत काढली नव्हती. दुसऱ्यांच्या माइकात आबा पुसट ऐकू येत होते, भिंतीपलीकडून आल्यासारखे. शब्द लागत नव्हते.

 मी मृदंगवाल्याला म्हटलं, आबांना फोन लाव, मी डबा घेऊन येतो, हॉस्पिटलात तर हॉस्पिटलात, एक ओळ तरी. तो म्हणाला, “काका, आज सकाळीच ऑपरेशनला आत नेलं त्यांना.”

दिनेशला मीच सांगितलं. तो ओरडेल, शिव्या घालेल, असं वाटलं होतं. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, “मी पुसलं नाही ते. तुम्ही सांगितलं होतं, पण हात झाला नाही.” मी त्या पोराएवढ्या माणसाचे हात धरले. काय बोललो ते मला आठवत नाही.

आबा बरे होऊन आले, पण ओट्यावर येईनात. गळ्याला पांढरा रुमाल, त्याखाली भोक. सुट्टीच्या दिवशी खोलीचं दार लावून बसायचे. मंडळही बसेना. पुढे ओळ म्हणणारा नाही तर झील कोणाची धरायची? दोन-तीनदा दुसऱ्याने सुरू केलं आणि अर्ध्यावर सोडून दिलं. काही जण तर सुट्टीच्या दिवशी ओव्हरटाइमला जायला लागले. मंडळ मोडल्यातच जमा होतं.

दिनेशने ठरवलं की लॅपटॉपवरचे आबा लावायचे आणि मधल्या शांततेत मंडळाने झील धरायची. मला स्पीकर घेऊन बोलावलं. मी म्हटलं, आधी मला आबांशी बोलू दे. त्यांच्या खोलीत गेलो. “आबा, ओट्यावरचं तुमचं भजन माझ्या हातून गेलं. यंत्र बिघडलं नाही, मी बिघडवलं.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. हात हलवून ‘चल’ अशी खूण केली, आणि चपला घातल्या. त्या ‘चल’चा अर्थ माफ केलं असा होता की नीघ इथून असा होता, हे मला वाटेतही कळलं नाही.

ओट्यावर सगळे बसले. स्पीकरातून आबांचा आवाज आला आणि निम्मी माणसं रडायलाच लागली. रडत रडत उशिरा झील धरली. ती पुरी होते न होते तोच स्पीकरातले आबा पुढच्या ओळीला गेले. सगळा गोंधळ. दिनेशने पहिल्यापासून लावलं. पुन्हा तेच. इतके दिवस बसले नव्हते, लय ढिली पडली होती, आणि लॅपटॉप काही कोणासाठी थांबत नाही. तिसऱ्यांदा तर टाळ एकीकडे, मृदंग दुसरीकडे.

आबांनी जोरात मांडीवर थाप मारली. त्यांना एवढं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी दिनेशच्या पुढ्यातला लॅपटॉप ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि बोट वर करून विचारलं, याला थांबवतात कसं? दिनेशने कीबोर्डावरची सगळ्यात लांब पट्टी दाखवली. एकदा दाबली की थांबतं, पुन्हा दाबली की चालतं. आबांचं बोट जाड, कारखान्यात वाकडं झालेलं. माझ्या डब्यावरच्या तिळाएवढ्या बटणावर ते कधीच बसलं नसतं.

मग भजन झालं. स्पीकरातले आबा एक ओळ म्हणायचे आणि मांडीवरचे आबा पट्टी दाबून त्यांना गप्प करायचे. मंडळ झील धरायचं. मनासारखी आली नाही तर बोट हलत नव्हतं. मृदंगवाल्याकडे एकदा असं बघितलं की त्याने घाईघाईने मृदंगाच्या दोऱ्या ओढून घेतल्या. तीच ओळ तीनदा, चारदा. मग पट्टी, मग पुढची ओळ. लय हळूहळू चढायला लागली. माणसं हसायला लागली होती, ओरडून म्हणत होती. दिनेश डोळे पुसत टाळ वाजवत होता.

एका ओळीला सगळ्यांनी सुरेख झील धरली. तरी बोट हललं नाही. पुन्हा धरली. नाही. तिसऱ्यांदा धरली, गळे ताणून धरली. आबा पट्टीवर बोट ठेवून बसलेले. टाळ थांबले. सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

आबा माझ्याकडे बघत होते. मी स्पीकरशेजारी वायरी धरून बसलो होतो.

दिनेश वाकून म्हणाला, “काका, तुम्ही म्हणत नाही आहात. म्हणून थांबलेत ते.”

मी आयुष्यभर माइकच्या या बाजूला बसलो. दुसऱ्यांचे आवाज पकडले, तपासले, नावं ठेवली. स्वतः कधी तोंड उघडलं नाही, कारण मला सूर नाही आणि ते मला पक्कं माहीत आहे. मी मान हलवून नको नको म्हटलं. आबा हलेनात. चौदा माणसं थांबलेली.

मी म्हटली ती ओळ. एकट्याने, सगळ्यांसमोर, अगदी बेसूर.

आबांनी पट्टी दाबली.